डोपामाइन आणि मेंदूच्या पेशींची घडण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मी अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दांडिया बाजाराजवळच्या एका मंडळात महिन्यातून एकदा मेंदूविषयी बोलते. श्रोत्यांत गरोदर मुली असतात, त्यांच्या सासवा असतात, बारावीची मुलं असतात आणि हात थरथरणारे आजोबाही असतात. ‘डोपामाइन’ हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आलेला आहे, पण तो मोबाईलमधून आल्यामुळे त्याची एकच बाजू लोकांना ठाऊक असते. पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे उत्तरांसह लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, हे खरं ना?

अर्धंमुर्धं खरं. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चालत. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागतानाच चालत, रसाच्या वेळी गप्प राहत. आणि ठरलेला रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावत. म्हणजे या पेशी ‘वाटलं होतं त्यापेक्षा बरं की वाईट’ एवढा निरोप देतात. त्या निरोपाचं काय करायचं ते ऐकणारी पेशी ठरवते.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सोपं जातं. मोठ्या माणसाच्या मेंदूत ऐकणारी पेशी तयार झालेली, आपल्या जागी बसलेली असते. गर्भात तीच पेशी अजून ठरवत असते : पुन्हा विभागू की थांबू, कुठे जाऊ, किती फांद्या फोडू. निरोप तोच असला तरी तिथे त्यातून बांधकाम होतं.

याचा शोध कोणी लावला?

जॉर्ज बार्जर आणि जेम्स युएन्स यांनी १९१० साली लंडनमध्ये हे रसायन प्रथम तयार केलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते नॉरॲड्रिनॅलिन नावाचं दुसरं एक रसायन बनवण्याच्या वाटेवरची एक पायरी मानलं गेलं. १९५७ मध्ये कॅथलीन माँटेग्यू यांना ते मेंदूत सापडलं. त्याच सुमाराला स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन, म्हणजे मेंदूतलं डोपामाइन रितं करणारं औषध, टोचलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामाइन बनवतं ते द्रव्य, टोचताच थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. कार्लसन यांना २००० साली पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

यातलं रेसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळातून येतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या सर्पगंधेच्या उपयोगाबद्दल लिहिलं, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. आपल्या रानातली ही मुळी डोपामाइनच्या कथेत अशी अगदी सुरुवातीलाच आहे, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.

गर्भात डोपामाइनच्या पेशी कधी आणि कुठे तयार होतात?

मेंदू अजून नळीसारखा असतो, तेव्हा त्या नळीच्या तळाशी पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिथून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन पाझरतं. मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्या सीमेवरून दुसरे संकेत येतात. हे दोन्ही जिथे पोचतात, त्या चौकातल्या पेशी डोपामाइन बनवणाऱ्या होतात. माणसाच्या गर्भात हे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिसू लागतं. कित्येक घरांत तेव्हा कुठे पेढे वाटायचा विचार चाललेला असतो.

या पेशी फार थोड्या आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी, आणि त्यांत मध्यमेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी चार ते सहा लाखांच्या आसपास. पण एकेकीचा पसारा बघा. उंदरातल्या अशा एका पेशीच्या तंतूच्या साऱ्या फांद्यांची लांबी मोजली, तर ती सरासरी सत्तेचाळीस सेंटिमीटर भरली. म्हणजे अख्ख्या उंदरापेक्षा लांब. माणसात अशी एक पेशी इतर पेशींशी दहा लाखांहून अधिक जोड देत असावी, असा अंदाज आहे. म्हणून थोड्या पेशींचा आवाज मेंदूभर जातो.

यातल्या बऱ्याच पेशी जिथे असतात त्या भागाला कृष्णद्रव्य म्हणतात. नवजात बाळात मात्र तो काळा नसतो. रंग वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास दिसू लागतो आणि पुढे गडद होत जातो.

पोटातल्या बाळाला कसलं बक्षीस आणि कसली अपेक्षा? मग तिथे डोपामाइन नेमकं करतं काय?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

डोपामाइन पेशीच्या आत शिरून काही करत नाही. पेशीच्या अंगावरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना, ते चिकटतं. हे ग्राही पाच प्रकारचे, पण त्यांचे गट दोनच. डी१ आणि डी५ पेशीतल्या एका निरोप्या रेणूचं प्रमाण वाढवतात. डी२, डी३ आणि डी४ तेच कमी करतात. बडोद्यात हे समजवायला मला उत्तरायण पुरतं. गच्चीवर मांजा हातात धरलेला असतो. ढील दिली की पतंग लांब जातो, खेचला की वर चढतो. नुसती ढील देत राहिलात तर पतंग वाहून जाईल आणि नुसती खेच दिलीत तर गोते खाईल. डोपामाइन हा हात. ढील मिळणार की खेच, ते पेशीच्या अंगावर कोणते ग्राही किती आहेत यावर ठरतं.

आता पहिलं काम बघू. मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठाशी मूळ पेशी विभागत असतात. प्रत्येक फेरीनंतर पेशीपुढे प्रश्न असतो : आणखी एकदा विभागायचं, की इथून बाहेर पडून चेतापेशी व्हायचं? प्रदीप भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांच्या गर्भात हे तपासलं. पुढे ज्या भागातून हालचाल आणि सवयी सांभाळणारं केंद्र बनतं, तो भाग त्यांनी घेतला होता. डी१ गट चेतवला की विभाजनाच्या पुढच्या टप्प्यात शिरणाऱ्या पेशी कमी झाल्या. डी२ गट चेतवला की वाढल्या. आडनाव वाचून आमच्या मंडळातल्या काकू भलत्याच खूश होतात, आणि मग पुढचं मन लावून ऐकतात.

वरवर हा फरक किरकोळ वाटतो. पण विभाजनाच्या फेऱ्या ठरलेल्या दिवसांत उरकायच्या असतात. फेरी थोडी लवकर संपली किंवा लांबली, तर शेवटी किती पेशी तयार होतील आणि कोणत्या थरात बसतील ते बदलतं. पोळ्या लाटताना पहिल्या चार गोळ्यांना जास्त कणीक गेली की शेवटच्या पोळ्या लहान होतात, तसंच.

दुसरं काम प्रवासाचं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या ज्या पेशी इतरांना आवर घालतात, त्यांपैकी बऱ्याच तिथे जन्मत नाहीत. खालच्या भागात जन्मून त्या आडव्या वाटेने चालत वर येतात. २००७ मध्ये उंदरांच्या गर्भाच्या मेंदूवर काम करताना दिसलं, की डी१ चेतवल्यावर हा प्रवास वाढतो आणि डी२ चेतवल्यावर रोडावतो. आवर घालणाऱ्या पेशी उशिरा पोचल्या किंवा कमी पोचल्या, तर पुढे मेंदूतल्या चेतनेचा आणि आवरण्याचा तोल बिघडू शकतो.

तिसरं काम फांद्या फोडण्याचं आणि जोड पक्के करण्याचं. इथे सगळीकडे लागू पडेल असा एक नियम नाही. एका भागातल्या पेशीत जो ग्राही फांद्या वाढवतो, तोच दुसरीकडे आखडत्या घेतो. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही, त्यांना एका ओळीत उत्तर हवं असतं. पण खरं आहे ते असं आहे.

म्हणजे डोपामाइन नसेल तर मेंदूच बनणार नाही?

बनेल. १९९५ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर तयार केले, ज्यांच्या डोपामाइनच्या पेशींना डोपामाइन बनवताच येत नव्हतं. पिल्लं जन्मली, काही दिवस ठीक वाढली, मेंदूची ढोबळ रचनाही जागच्या जागी होती. पण ती हलेनाशी झाली, समोर अन्न असून खाईनाशी झाली आणि काही आठवड्यांत दगावली. एल-डोपा दिलं की मात्र खात-पीत. घराच्या भिंती डोपामाइनवाचूनही उभ्या राहतात, असा याचा अर्थ. कोणत्या खोलीत किती माणसं आणि कोणाचं कोणाशी किती बोलणं, ती जुळणी डोपामाइनच्या हाताखाली होते.

आता उलट बाजू. २००६ मध्ये कँडेल यांच्या गटाने उंदरांत मेंदूच्या एकाच भागात डी२ ग्राही गरजेपेक्षा जास्त तयार करवले. हा जादा पुरवठा औषधाने केव्हाही बंद करता येत होता. उंदीर मोठे झाल्यावर तो बंद केला, तरी तात्पुरती गोष्ट ध्यानात ठेवण्यातली त्यांची अडचण गेली नाही. वाढीच्या दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कमी पडण्याइतकंच जास्त होणंही घातक आहे, हे या प्रयोगाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

माणसांत एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे, त्यात एल-डोपापासून डोपामाइन करणारं विकरच (एन्झाइम) नीट चालत नाही. बाळ लुळं पडतं, मान धरत नाही, डोळे वर फिरून तसेच राहतात. या मुलांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने तो जनुक पोचवण्याचा उपचार युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाला. उपचारानंतर काही मुलं मान धरू लागली, बसू लागली. डोपामाइनशिवाय वाढलेल्या मेंदूतही शिकण्याची जागा उरलेली असते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

गरोदरपणात बाळाचं डोपामाइन वाढावं म्हणून काय खावं?

वाढवायचा प्रयत्नच करू नका. माझ्या नात्यातल्या एका मुलीला पाचव्या महिन्यात कोणीतरी ‘बाळाच्या मेंदूसाठी’ म्हणून एक चूर्ण आणून दिलं होतं. डब्यावरची यादी वाचली, तर त्यात कवचबीज होतं, म्हणजे आपली खाजकुईली. तिच्या बियांत खरोखरीचं एल-डोपा असतं. भारतातच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्ये त्या बियांतून वेगळं केलं होतं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. पतंगाची गोष्ट आठवा : बाहेरून मांजाला हिसका द्यायचं कारणच नाही. ते चूर्ण मी त्या मुलीच्या डॉक्टरांना दाखवायला लावलं आणि त्यांनी ते बंद केलं.

केळ्यात डोपामाइन असतं, हेही कोणीतरी सांगतंच. असतं, सालीत तर भरपूर. पण रक्तातलं डोपामाइन मेंदूभोवतीची राखण ओलांडून आत जात नाही. केळं खा, केळं म्हणून खा.

ज्याकडे खरोखर बघायला हवं ते लोह. टायरोसीन या अमिनो आम्लापासून एल-डोपा बनवणाऱ्या विकराला लोह लागतं. वाढत्या उंदरांना लोह कमी पडलं तर मेंदूतले डोपामाइनचे ग्राही बदलतात, आणि नंतर लोह भरून काढलं तरी सगळं पूर्ववत होतंच असं नाही. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना पंडुरोग (ॲनिमिया) आढळला. गुजरातेत मुलांचा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ होता. सगळा पंडुरोग लोहाच्या कमतरतेनेच होतो असं नाही, पण ते एक मोठं कारण आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी, फॉलिक आम्लासह, निदान १८० दिवसांसाठी मिळते. मळमळतं म्हणून कित्येक जणी ती डब्यात तशीच ठेवतात. मुलींनो, मळमळत असेल तर वेळ बदलून बघा, डॉक्टरांना विचारा, पण सोडू नका. गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा नको. लिंबू पिळलेलं वरण चालेल, आवळा चालेल. महागड्या चूर्णांवर पैसे घालण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

मानसिक आजाराची औषधं डोपामाइनवर काम करतात. गरोदरपणी ती बंद करावीत का?

मनाने एकही गोळी बंद करू नका. त्यांतली बरीच औषधं डी२ ग्राही अडवतात हे खरं. पण आईचा आजार उफाळला तर तिला आणि बाळाला असणारा धोका तितकाच खरा आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

सकाळी मुलगी ठीक चालते आणि संध्याकाळी पाय ओढते. लोक म्हणतात आळस आहे.

हा प्रश्न एकदाच आला, पण इतका महत्त्वाचा की यादीत ठेवते आहे. जपानच्या मासाया सेगावा यांच्या नावाने ओळखला जाणारा एक आजार आहे. त्यात डोपामाइन बनवण्याच्या कामी लागणारं एक मदतनीस द्रव्य कमी पडतं. मूल झोपून उठल्यावर बरं असतं, दिवस चढेल तसा पाय वाकडा पडू लागतो. कधी कधी याला चुकून मेंदूचा पक्षाघात म्हटलं जातं. एल-डोपाच्या लहानशा मात्रेने ही मुलं आश्चर्य वाटावं इतकी सुधारतात. सकाळ-संध्याकाळचा असा फरक दिसला, तर दोन्ही वेळचं चालणं मोबाईलवर टिपा आणि बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा.

जन्मानंतर डोपामाइनचं हे घडवण्याचं काम संपतं का?

नाही, ते विशीपर्यंत चालू राहतं. मॉंट्रियलच्या सेसिलिया फ्लोरेस यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की डोपामाइनचे काही तंतू किशोरवयातही वाढत वाढत कपाळामागच्या मेंदूपर्यंत जातात. वाटेत एक थांबा असतो, तिथे बहुतेक तंतू उतरतात, थोडे पुढे जातात. कोणी उतरायचं हे ठरवणारे रेणू आहेत. त्या वयात उत्तेजक औषध दिलं तर ही वाटणी बिघडते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी गुटखा, तपकीर, ‘जागून अभ्यास करायच्या’ गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नये म्हणून मी एवढं का सांगत असते, त्याचं हे कारण. त्या वयात मेंदूतली वायरिंग उघडी असते.

शिकण्याचं म्हणाल तर आणखी एक सुंदर निरीक्षण आहे. २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की जोडावर संकेत आल्यापासून साधारण ०.३ ते २ सेकंदांत डोपामाइन पोचलं तरच तो जोड जाडजूड होतो. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. नवरात्रात गरबा शिकणारी पोर बघा. टाळी चुकली, पाय बरोबर पडला, मावशी हसली, हे सगळं त्या दोन सेकंदांत होतं. आठ दिवसांनी तुमच्या प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्याने ते होत नाही. शाबासकी द्यायची तर तिथल्या तिथे द्या.

मुलाला ‘डोपामाइन डिटॉक्स’ करायला लावू का?

डोपामाइन हे साचलेलं विष नाही, ते काढून टाकता येत नाही. ते संपलं तर ग्लास उचलणंही जमणार नाही, कार्लसन यांचे ससे आठवा. मोबाईल कमी करायचा असेल तर जरूर करा. झोप, अभ्यास, खेळ एवढी कारणं त्याला पुरेशी आहेत.

आणि चष्म्याशी डोपामाइनचा काय संबंध?

डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच भाग, आणि त्यातही डोपामाइनच्या पेशी आहेत. भरपूर उजेडात त्या जास्त डोपामाइन सोडतात. कोंबडीच्या पिल्लांवर आणि इतर प्राण्यांवर झालेल्या कामातून दिसतं, की हा संकेत डोळ्याच्या गोळ्याची लांबी आवरतो. गोळा लांबला की लांबचं धूसर दिसतं. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज शाळेत ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गाच्या कित्येक पट उजेड असतो. तेव्हा शिकवणीला पाठवायच्या आधी पोरांना तासभर कमाटी बागेत सोडा. मे महिन्यात मात्र सकाळी लवकर, आपल्याकडचं दुपारचं ऊन सोसायचं नाही.

आमच्या आजोबांना पार्किन्सन आहे. नव्या पेशी येऊ शकतात का?

पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी मरत जातात, आणि गेलेल्या पेशी आपोआप परत येत नाहीत. पण इथे गर्भातली गोष्ट पुन्हा भेटते. २००४ मध्ये आढळलं, की डोपामाइनच्या पेशी नष्ट केलेल्या प्राण्यांत मेंदूच्या पोकळीकाठच्या मूळ पेशींचं विभाजन मंदावतं, आणि डी२ गट चेतवणारं औषध दिलं की ते पुन्हा चालू होतं. प्रौढ माणसात नव्या चेतापेशी किती बनतात यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे.

आशा आहे ती वेगळ्या वाटेने. मूळ पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांना तळपट्टीचे संकेत, म्हणजे सॉनिक हेजहॉग आणि त्याचे सोबती, त्याच क्रमाने द्यायचे. सहा आठवड्यांच्या गर्भात जे होतं तेच काचेच्या बशीत घडवायचं आणि तयार पेशी रुग्णाच्या मेंदूत ठेवायच्या. २०२५ मध्ये अशा दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. क्योतोची चाचणी सात जणांवर झाली होती, अमेरिका-कॅनडातली बारा जणांवर. पेशी जगल्या, डोपामाइन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. संख्या लहान आहे आणि या चाचण्या मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी होत्या. तेव्हा ‘मूळ पेशींचं इंजेक्शन’ म्हणून कोणी आज लाखो रुपये मागत असेल, तर देऊ नका.

मग तोवर आजोबांनी काय करावं?

रोज चालावं, सुरसागर तलावाला फेरी मारता आली तर उत्तम, सोबत कोणीतरी असावं. एल-डोपाची गोळी घड्याळ लावून घ्यावी. ही गोळी आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या दाराने शिरते, त्याच दाराने प्रथिनांमधली अमिनो आम्लंही जातात. भरपेट सेव-उसळ खाऊन वर गोळी घेतली, तर दाराशी गर्दी होते आणि दुपारभर हात थरथरत राहतो. जेवणाआधी अर्धा तास गोळी, मग उसळ. आमच्या शेजारच्या आजोबांनी एवढा एक बदल डॉक्टरांना विचारून केला, आणि आता दुपारी शर्टाची बटणं ते स्वतः लावतात.